संबळावर कोण होतं?

लग्न झालं आणि देवीचा गोंधळ राहिला, तर घरातल्या जुन्या माणसांच्या जिवाला घोर लागतो. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन, जालना जिल्ह्यात कुठंही जा, ज्यांची कुलदेवता तुळजाभवानी किंवा माहूरची रेणुका आहे त्या घरांत हा कुलाचार चालत आलेला आहे. सुपारी दिली जाते, तिथी ठरते आणि त्या रात्री चार-पाच जणांची पार्टी दारात उभी राहते. नायक कोण, हे गावाला ठाऊक असतं. संबळ कोण वाजवणार, तुणतुणं कुणाच्या हातात असणार, नायकाची ओळ मागून उचलून झील कोण धरणार, हे मात्र कुणी विचारत नाही. रात्रभर आपल्याला जागं ठेवतात ती हीच माणसं.

गोंधळी ही महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत नोंदलेली जमात. त्यांच्यात दोन मोठ्या शाखा आहेत: तुळजाभवानीचे कदमराई आणि रेणुकेचे रेणुराई. जालन्याच्या पूर्वेला माहूर, दक्षिणेला तुळजापूर, त्यामुळे दोन्ही पीठांची भक्ती या भागात एकमेकींत मिसळलेली आहे. शिवाय अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहेच. पूर्वी गोंधळ्यांच्या घराण्यांची गावं वाटलेली असत. सुगी झाली की गोंधळी आपल्या गावात येई, जोगवा मागे, ज्वारीचा वाटा घेऊन जाई आणि त्या बदल्यात गावातल्या घरांचे गोंधळ घाली. गावगाडा मोडला आणि धान्याच्या जागी रोकड आली. कला राहिली, पण तिच्यामागचा हक्क गेला. तेव्हापासून वर्षातले काही महिने गोंधळ आणि उरलेले महिने शेतात, बांधकामावर किंवा कारखान्यात मजुरी, असंच बऱ्याच घरांचं गणित आहे.

शिक्षण घरातच होतं. पोरगं आधी दिवटी धरायला शिकतं, बुधलीतलं तेल वेळेवर घालायला शिकतं. तेल घालता घालता त्याच्या कानावर आख्यानं पडत राहतात. मग हातात झांज येते, पुढं तुणतुणं येतं. संबळ सहसा शेवटी, कारण तो चुकला तर सगळंच चुकतं.

संबळ जवळून पाहण्यासारखा असतो. एक लहान आणि एक मोठं, अशी दोन भांडी दोरीनं एकमेकांना जखडलेली, तोंडावर ताणून बसवलेलं कातडं, आणि ही जोडी वादकाच्या कमरेला बांधलेली. दोन काठ्यांपैकी एक सरळ असते, दुसरीचं टोक वळवलेलं असतं. सरळ काठी लहान तोंडावर टणत्कार काढते. वळलेल्या टोकाची काठी मोठ्या तोंडावर नुसती आपटत नाही, ती दाबत, घासत जाते, आणि त्यातून तो घुमारा निघतो जो गल्लीच्या पार टोकाला आधी पोटात जाणवतो आणि मग कानात शिरतो. हवा दमट असेल तर कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो; मग धग देऊन ते पुन्हा ताणून घ्यावं लागतं. वादक उभ्यानं वाजवतो, नाचत वाजवतो, आणि नायकाच्या तोंडाकडे बघत वाजवतो. नायकानं श्वास कुठं घेतला, ओळ कुठं लांबवली, हे त्याला आधीच कळलेलं असतं. असा हात कमावण्यात अर्धं आयुष्य जातं.

तुणतुण्याला लोक हसतात. तेच ते सांगणाऱ्या माणसाला आपण ‘त्याचं आपलं तेच तुणतुणं’ म्हणतो. खरं तर सगळ्या पार्टीचा सूर त्या एका तारेवर उभा असतो. पोकळ नळकांडं, त्याच्या तळाला कातडं, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या डोक्याला खुंटी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून खुंटीपर्यंत गेलेली तार, एवढंच ते वाद्य. खुंटी पिळून नायकाच्या गळ्याला सूर मिळवायचा आणि रात्रभर तो हलू द्यायचा नाही. गोंधळी त्याचं मूळ थेट परशुरामापर्यंत नेतात. परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या मस्तकातून त्याच्याच शिरेची तार ओवली आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केलं, अशी कथा आहे.

गोंधळाची मांडणीही बघावी. पाटावर नवं वस्त्र, त्यावर धान्य आणि कलश, विड्याची पानं, सुपारी, खारीक, हळकुंड, आणि वर पाच उसांचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव. कवड्यांच्या माळा घातलेला, घोळदार झग्यातला नायक पूर्वरंगात गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला बोलावतो. उत्तररंगात आख्यान लागतं. इथं साथीदाराचं खरं काम सुरू होतं. तो भोळेपणानं प्रश्न विचारतो, नायकाला अडवतो, पेंगणाऱ्या पाहुण्याला हसवून जागं करतो. करपल्लवी हा त्यांचा आणखी एक चमत्कार. प्रेक्षकांतला कुणी एखादं नाव हळूच सांगतो, गोंधळी नुसत्या बोटांच्या खुणा करतो आणि लांब उभा असलेला साथीदार ते नाव बिनचूक सांगतो. ही अक्षरांची लिपी पिढ्यान्‌पिढ्या बोटांतच राहिली आहे.

या कलेचं वयही लहान नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ‘गोंडली’ नृत्याचं वर्णन आहे, आणि अभ्यासक गोंधळाचं नातं त्याच्याशी जोडतात. १३व्या शतकात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं, म्हणजे जालन्याच्या शेजारीच. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत गोंधळ्याचं रूपक घेतलं. रा. चिं. ढेरे यांच्या ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’मध्ये गोंधळी आहेत, आणि औरंगाबादच्या डॉ. प्रभाकर मांडे यांनी तर भटक्यांच्या कलांवर आयुष्य वेचलं. शेजारच्या परभणीचे राजारामबापू कदम ‘गोंधळमहर्षी’ म्हणून ओळखले गेले. द्रौपदीच्या मनातला कर्ण उघड करणारं ‘जांभूळ आख्यान’ मुळात गोंधळ्यांचं. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवलं. एवढी सगळी नावं घेता आली, आणि त्यात एकही संबळवाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताची गोष्ट इथं आठवते. तीही शेतमजुरांची आणि गिरणी कामगारांचीच कला. केंटकीचा बिल मन्रो १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात पोचला. १९४५ च्या अखेरीस त्याच्या ताफ्यात नॉर्थ कॅरोलिनाच्या सूतगिरणीत काम केलेला अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आला. हा बँजोही कातड्याचा आणि तारांचाच. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तो घडवला. स्क्रग्जच्या तीन बोटांच्या वादनानं त्या संगीताची चालच बदलली. मन्रो गायक होता, मालक होता, तरी स्क्रग्जचं नाव त्याच्याइतकंच मोठं झालं, कारण तिथं कोणतं वाद्य कुणी वाजवलं हे लिहून ठेवलं गेलं. त्या बोटांवरून पुढच्या पिढ्या शिकल्या. आपल्याकडे कसबी माणसांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती लिहून ठेवणाऱ्यांची.

आता बऱ्याच ठिकाणी गोंधळ दोन-तीन तासांत उरकतो. कीबोर्ड आला, सिनेमाच्या चालीवरची गाणी आली, मोबाईलवर चित्रफिती फिरू लागल्या. काळ बदलला की कला बदलणारच, त्याचं मला दुःख नाही. पण कीबोर्डवर तुणतुण्याचा सूर निघतो म्हणून तुणतुणेवाल्याला घरी बसवलं जातं, हे मला मान्य नाही. तो गेला की झील जाते, झील गेली की आख्यान जातं. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा ५००० रुपये मानधन देतं. मात्र अर्जासोबत कलेचा पुरावा लागतो, आणि आयुष्यभर नायकाच्या मागं उभं राहून वाजवलेल्या माणसाकडे ना पत्रिका असते, ना कात्रण, ना फोटो.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी पुढचा गोंधळ असेल तेव्हा पत्रिकेवर नायकासोबत साथीदारांचीही नावं वाद्यांसह छापा. सगळ्यांचा एकत्र फोटो काढा, तारीख आणि गाव लिहून प्रत्येकाला एकेक प्रत द्या. आख्यान पुरतं होऊ द्या, आणि मोबाईलवर चित्रण करत असाल तर थोडा वेळ तरी तो संबळाच्या काठ्यांवर धरा.