त्रिकोण आणि त्रिभुज

तीन बाजूंनी बंद झालेल्या आकृतीस मराठीत त्रिकोण म्हणतात. हिंदीत आणि बंगालीत तिलाच त्रिभुज असे नाव आहे. आकृती एकच, परंतु एकाची दृष्टी तिच्या कोपऱ्यांवर पडली, तर दुसऱ्याची तिच्या भुजांवर, म्हणजे हातांवर.

गणितात त्रिभुज हा शब्द फार जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात क्षेत्रफळाची रीत सांगताना तोच योजिला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) त्र्यस्र असाही शब्द येतो. अस्र म्हणजे कोपरा. चार कोपऱ्यांचे ते चतुरस्र. लोकांच्या तोंडी झिजत झिजत त्याचेच मराठीत ‘चौरस’ झाले.

याहूनही प्राचीन शब्द आहे प्रउग. यज्ञवेदी रचण्याचे नियम ज्यांत आहेत, त्या शुल्बसूत्रांत दोन बाजू समान असलेल्या त्रिकोणास हे नाव दिलेले आढळते. प्रउग म्हणजे गाडीच्या दांड्यांचा पुढचा भाग. बैलगाडीच्या दोन्ही दांड्या जोखडाकडे कशा जवळ येत जातात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या नावाचा अर्थ वेगळा सांगावयास नको!

त्रिकोण हा शब्द मात्र ग्रीकांच्या ‘त्रिगोनोन’शी जुळतो. ग्रीक फलज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला, असे अनेक विद्वान मानतात. कुंडलीतील पाचव्या व नवव्या स्थानांस आजही त्रिकोणस्थाने म्हणतात.

मग यांतील अधिक समर्पक नाव कोणते? ५, ६ व ७ सेंटिमीटर लांबीच्या तीन काड्या टोकांशी जोडल्या, तर एकच त्रिकोण होतो. त्याचा आकार बदलता येत नाही. उलट, ६० अंशांचे तीन कोन असलेले त्रिकोण लहानमोठे हवे तितके काढता येतात. कोनांवरून आकृतीचे माप कळत नाही. भुजांवरून ते कळते. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबताच कलतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी एक काडी बसविली, की दोन त्रिकोण होतात आणि तो स्थिर राहतो. कौलारू छपराच्या कैच्या सुतार त्रिकोणी करतो, त्या याचसाठी.

या दृष्टीने त्रिभुज हे नाव सरस ठरते. मराठीनेही भुजांना अगदीच दूर सारलेले नाही. समभुज, समद्विभुज, विषमभुज या नावांत त्या अजून नांदत आहेत.