निळ्या उजेडात घडणारे रेणू

काचेच्या छोट्या कुपीत नारिंगी द्रावण, भोवती निळ्या एलईडीची पट्टी, तळाशी गरगर फिरणारा चुंबक. औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळांत हे दृश्य आता नेहमीचं झालं आहे. नारिंगी रंग रुथेनियमच्या संयुगाचा. सुमारे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषला, की ते शेजारच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतं किंवा त्याच्याकडून घेतं. मग एरवी जास्त उष्णता किंवा जहाल रसायनं मागणाऱ्या कित्येक अभिक्रिया खोलीच्या तापमानालाच घडतात. 2008 साली अमेरिकेत डेव्हिड मॅकमिलन आणि तेहशिक यून यांच्या गटांनी ही वाट रुळवली.

2011 मध्ये मॅकमिलन यांच्या गटाने याच पद्धतीने कोलेस्टेरॉलवरच्या लिपिटॉर या औषधाच्या तयार रेणूवरच ट्रायफ्लुओरोमिथिल हा छोटा अणुगट बसवून दाखवला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण एका बदलासाठी अख्खा रेणू पहिल्यापासून बांधावा लागत नाही.

अडचण येते ती मोठ्या टाकीत. गडद द्रावणात उजेड जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. म्हणून उत्पादन वाढवताना द्रावण दिव्याभोवती गुंडाळलेल्या बारीक, पारदर्शक नळ्यांतून वाहतं ठेवतात.