वेगमर्यादेचा आकडा नेमका कुणासाठी असतो?



जानेवारी महिना आला की आपल्या शाळांमध्ये रस्ता सुरक्षा अभियान सुरू होतं. प्रभातफेरी निघते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, फळ्यावर सुंदर अक्षरात 'अति घाई, संकटात नेई' लिहिलं जातं. मुलांना घोषणा तोंडपाठ होतात. पण समजा, सहावीतल्या एखाद्या चौकस मुलीने विचारलं, "सर, पाटीवर ४०च का लिहिलंय? ६० का नाही?" तर आपण काय सांगणार? 'नियम आहे म्हणून' हे उत्तर तिला पटणार नाही, आणि पटूही नये. या प्रश्नाचं खरं उत्तर गणितात आहे. ते पाचवी ते दहावीच्या कोणत्याही वर्गात समजावता येतं. आजचा पाठ त्यासाठीच.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातात दगावली. म्हणजे रोज सुमारे ४६०. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते. या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागचं नोंदवलेलं कारण एकच होतं, ते म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त वेग.

हे आकडे मुलांना घाबरवण्यासाठी सांगायचे नाहीत. 'अपघात म्हणजे नशिबाचा खेळ' ही जी समजूत घराघरात असते, ती खोडून काढण्यासाठी सांगायचे. ज्याचं कारण कळतं, ते टाळताही येतं.

ताशी किलोमीटरचं मीटरमध्ये रूपांतर करा

'ताशी ६० किलोमीटर' म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. पण हाच वेग सेकंदाला किती मीटर होतो, हे काढायला सांगा. ६० ला ३.६ ने भागलं की सुमारे १६.७ मीटर येतात. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत गाडी दोन वर्गखोल्यांएवढं अंतर पार करते.

आता दुसरी गोष्ट. समोर काही दिसलं की गाडी लगेच थांबत नाही. डोळ्यांनी पाहणं, मेंदूने ओळखणं, पायाने ब्रेक दाबणं यात सावध चालकाचाही साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि गाडी काही अंतर घेत थांबते. ब्रेक लागल्यानंतरचं हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं!

कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक धरून हिशेब केला, तर थांबायला लागणारं एकूण अंतर साधारण असं येतं:

ताशी ३० किमी: सुमारे १३ मीटर
ताशी ४० किमी: सुमारे २० मीटर
ताशी ५० किमी: सुमारे २८ मीटर
ताशी ६० किमी: सुमारे ३६ मीटर
ताशी ८० किमी: सुमारे ५७ मीटर

पावसाळ्यात रस्ता ओला असताना, टायर गुळगुळीत झालेले असताना किंवा गाडीत जास्त भार असताना ही अंतरं आणखी वाढतात. चालकाने दोनच सेकंद मोबाइलकडे पाहिलं, तर ताशी ५० च्या वेगाने गाडी जवळजवळ २८ मीटर आंधळेपणाने धावते.

वीस मीटरचा हिशेब

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. समजा, शाळेजवळच्या रस्त्यावर गाडीच्या पुढे बरोबर २० मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत आलं. चालक सावध आहे, एका सेकंदात ब्रेक दाबतो. पुढे काय होईल?

गाडी ताशी ४० ने येत असेल, तर ती मुलापाशी येऊन कशीबशी थांबेल. मूल घाबरेल, चालकाला घाम फुटेल, पण दोघंही घरी जातील.

गाडी ताशी ५० ने येत असेल, तर ती मुलापर्यंत पोचेल तेव्हाही तिचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर असेल.

आणि ताशी ६० ने येत असेल तर? पहिल्या सेकंदातच जवळजवळ १७ मीटर संपलेले असतात. ब्रेकसाठी जेमतेम सव्वातीन मीटर उरतात. धडक बसते ती ताशी सुमारे ५५ किलोमीटरने. म्हणजे ब्रेक दाबूनही न दाबल्यासारखंच.

'दहाच तर जास्त आहे' असं आपण सहज म्हणतो. पण ४० आणि ५० मधला फरक नुसता दहाचा नाही. गाडी थांबणं आणि ताशी ३७ ने धडक बसणं, एवढा तो फरक आहे.

ताशी ३० ची धडक म्हणजे साधारण पहिल्या मजल्यावरून पडण्याएवढा आघात, ४० ची म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून आणि ६० ची म्हणजे जवळजवळ पाचव्या मजल्यावरून पडण्याएवढा. मजल्यांचं हे उदाहरण मुलांना पटकन कळतं. मोटारीत बसलेल्याभोवती पत्रा, पट्टा, एअरबॅग असते. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या अंगावर फक्त शाळेचा गणवेश असतो. म्हणून वेगमर्यादेचा आकडा चालकाच्या कौशल्यावरून ठरवून चालत नाही. रस्त्यावरच्या सर्वांत नाजूक माणसाचं शरीर किती आघात सोसू शकतं, यावरून तो ठरवावा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम इथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहनं एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० ठेवावा, असं म्हटलं गेलं ते याचसाठी.

मर्यादा ठरवतं कोण?

मोटार वाहन कायद्याखाली केंद्र सरकार कमाल वेग ठरवतं. २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारींसाठी तो द्रुतगती मार्गावर ताशी १२० आणि शहरी रस्त्यांवर ७० आहे. दुचाकीसाठी शहरी रस्त्यांवर तो ६० आहे. पण हा 'याच वेगाने चालवा' असा आदेश नाही, ही वरची सीमा आहे. राज्य सरकार आणि स्थानिक यंत्रणा रस्ता पाहून ती खाली आणू शकतात. मुंबईचा सागरी किनारा मार्ग बघा. सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४०. रस्ता एकच, मर्यादा तीन! म्हणून 'गाडी नवीन आहे, रस्ता मोकळा आहे' हे कारण चालत नाही. पाटीवरचा आकडा वाचायचा आणि गर्दी, पाऊस किंवा अंधार असेल तर त्याच्याही खाली राहायचं.

कॅमेरा नेमकं काय करतो?

कॅमेऱ्याबद्दल मुलांना फार कुतूहल असतं, मोठ्यांना थोडा राग असतो. तो कसा काम करतो ते समजलं की दोन्ही गोष्टी मार्गी लागतात.

पहिला प्रकार रडारचा. यंत्र रेडिओ लहरी सोडतं, त्या गाडीवर आपटून परत येतात. गाडी जवळ येत असेल तर परतणाऱ्या लहरींची वारंवारिता वाढते. जवळून जाणाऱ्या रुग्णवाहिकेच्या भोंग्याचा आवाज बदलतो ना, तोच हा डॉप्लर परिणाम.

दुसरा प्रकार लेझरचा, म्हणजे पोलिसांच्या हातात दिसणारी स्पीड गन. ती प्रकाशाचे लागोपाठ झोत सोडून गाडीचं अंतर पुन्हा पुन्हा मोजते आणि त्यावरून वेग काढते.

तिसरा प्रकार सरासरी वेगाचा, आणि हा तर आपल्या सातवी-आठवीच्या गणितातलाच आहे. दोन कॅमेऱ्यांमध्ये १० किलोमीटर अंतर आणि मर्यादा ताशी १०० असेल, तर गाडीला किमान ६ मिनिटं लागायला हवीत. ती ५ मिनिटांत पोचली, तर सरासरी वेग ताशी १२० झाला. मध्ये कितीही ब्रेक मारले तरी घड्याळ खोटं बोलत नाही.

यांच्या जोडीला नंबर प्लेट वाचणारी प्रणाली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी स्वयंचलित यंत्रणा सुरू आहे. गाडीचा क्रमांक ओळखला की ई-चलान तयार होतं. अतिवेगासाठी हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्ती कायद्यात आहे.

'कॅमेरा म्हणजे लपून पकडणं' असं अनेकांना वाटतं. पण केंद्राच्या २०२१ च्या नियमांत, जिथे असे कॅमेरे आहेत तिथे आधी सूचनाफलक लावावा असं सांगितलेलं आहे. म्हणजे उद्देश पकडण्याचा नाही, वेग कमी करण्याचा आहे. आपण मात्र काय करतो? फलक दिसला की ब्रेक, कॅमेरा मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर! मागच्या सीटवर बसलेलं मूल यातून एवढंच शिकतं, की नियम कॅमेऱ्यासाठी पाळायचा असतो. हा धडा आपण शाळेत कितीही तास घेतले तरी पुसला जात नाही.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. ई-चलानच्या नावाने बनावट संदेश येतात, त्यात एखादी लिंक किंवा ॲप उघडायला सांगतात. अशी लिंक उघडू नका. चलान आहे की नाही ते नेहमी अधिकृत सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहा. चलान चुकीचं वाटलं तर तिथेच तक्रारही नोंदवता येते.

पायी चालणाऱ्यांसाठी

सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला लहान मुलाला साधारण सात सेकंद लागतात. शंभर मीटरवर दिसणारी गाडी ताशी ६० ने येत असेल, तर ती सहा सेकंदांत पोचते. म्हणजे 'गाडी लांब आहे' असं वाटून निघालेलं मूल अजून रस्त्यातच असतं! हीच गाडी ४० ने येत असेल तर तिला नऊ सेकंद लागतात आणि मूल पलीकडे पोचलेलं असतं. येणाऱ्या वाहनाचा वेग ओळखणं लहान मुलांना नीट जमत नाही. त्यामुळे सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तरी या सवयी लावूच या:

१. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायचं. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून पहिला धोका उजवीकडून येतो.
२. पदपथ असेल तर पदपथावरूनच चालायचं. नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालायचं. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी 'नेहमी डावीकडून चाला' असं घोकलेलं आहे. तो नियम वाहनांचा आहे. डावीकडून चालणाऱ्याच्या पाठीमागून गाडी येते आणि ती त्याला दिसतच नाही.
३. एसटीतून किंवा स्कूल बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून धावत जायचं नाही. बस निघून जाऊ द्यायची, मग ओलांडायचं.
४. पहाटे आणि संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घालायचे. दप्तरावर चमकणारी पट्टी लावली तर उत्तम.

आणि चालकांनो, सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणं हा शिष्टाचार नाही, तो नियम आहे.

पालकांशी थोडं स्पष्ट

शाळेच्या फाटकासमोर सकाळी सर्वांत जास्त घाई कोणाची असते? आपलीच. घर ते शाळा अंतर चार किलोमीटर धरा. ताशी ६० ने चार मिनिटं लागतात, ताशी ४० ने सहा. वाचली किती? दोन मिनिटं. तीही मधल्या सिग्नलला बहुतेक संपतात. ही दोन मिनिटं सकाळी डबा भरतानाच काढून ठेवली, तर रस्त्यावर उसनी घ्यावी लागणार नाहीत.

दुसरा मुद्दा गाडीच्या किल्लीचा. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी असतो. घराघरातल्या १०० ते १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. क्लासला जायला उशीर होतो म्हणून किल्ली देणं हे लाड नव्हेत.

वर्गात करून पाहा

उपक्रम १: मैदानावर एक रेघ मारा. तिथून १३, २०, २८ आणि ३६ मीटरवर खडूने किंवा फक्कीने खुणा करा आणि प्रत्येकीवर वेग लिहा. २० मीटरच्या खुणेवर एक विद्यार्थी उभा करा. बाकीच्यांनी सांगायचं, कोणती गाडी त्याच्या आधी थांबेल.

उपक्रम २: शाळेच्या कुंपणालगत, आतल्या बाजूने ५० मीटर अंतर मोजून दोन झेंडे लावा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, कुंपणाच्या आतूनच, एक गाडी एका झेंड्यापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंदांत जाते ते मुलांनी मोजायचं. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो. सहा सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, तीन लागले तर ६०. आठवडाभराच्या नोंदींचा स्तंभालेख काढा. गाड्यांचे क्रमांक मात्र लिहून घ्यायचे नाहीत, फक्त वेग.

हा आलेख फळ्यावर ठेवून पुसू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा. शाळेसमोर गतिरोधक, झेब्रा पट्टे आणि वेगमर्यादेची पाटी हवी असा अर्ज ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्यायचा असेल, तर मुलांनी मोजलेले आकडे सोबत जोडा. नुसत्या मागणीपेक्षा मोजलेल्या आकड्याला जास्त वजन असतं.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, "पाटीवर ४०च का?" तर मुलांना मैदानावर न्या, वीस मीटरची खूण दाखवा आणि सांगा, "कारण इथे कुणीतरी उभं असू शकतं."