मागून चढा, पुढून उतरा

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या काठावर गेलात, तर चिखलात चरणारा एक राखाडी हंस दिसेल. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. हा पट्टकदंब. चालताना अगदी गावठी बदकासारखा डुलतो, पण पठ्ठ्या हिमालय ओलांडून आलेला असतो! शास्त्रज्ञांनी अशा हंसांच्या अंगावर यंत्रं बसवून मोजलं, तेव्हा एक हंस 7,290 मीटर उंचीवर सापडला. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याला चार पावलं टाकताना धाप लागेल, आणि हा पंख मारत पुढे जातो.

एवढा दम आणतो कुठून?

आधी आपली छाती बघू. आपलं फुप्फुस म्हणजे एकाच दाराची एसटी. उतरणारे आणि चढणारे त्याच दारात! साधा श्वास सोडल्यावरही दोन-अडीच लिटर शिळी हवा आत बसून राहते. नवी येते ती जेमतेम अर्धा लिटर, तीही शिळ्या हवेत मिसळते.

पक्ष्याच्या बसला मात्र दोन दारं आहेत.

पक्ष्याचं फुप्फुस जवळजवळ फुगतच नाही. बरगड्यांना घट्ट चिकटून असतं. हवा खेळवण्याचं काम करतात पातळ पडद्याच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ. लोहाराचा भाता जसा स्वतः तापत नाही, फक्त वारा घालतो, तशाच या.

आता हवेच्या एका झुळकेमागे जाऊ. पहिला श्वास घेतला, की ती फुप्फुसाला वळसा घालून थेट मागच्या पिशव्यांत जाते. श्वास सोडला, की तिथून फुप्फुसात शिरते. दुसरा श्वास घेतला, की पुढच्या पिशव्यांत. दुसरा सोडला, की बाहेर. एका झुळकेच्या प्रवासाला दोन श्वास!

म्हणजे काय झालं, लक्षात आलं? पक्षी श्वास सोडत असतानाही त्याच्या फुप्फुसात ताजी हवाच वाहत असते. आपला भाता एका दमात भरतो नि एका दमात रिकामा होतो. त्याचा वारा थांबतच नाही.

मग हवेला उलट फिरू न देणारी झडप कुठे असते? कुठेच नाही! नळ्यांची वळणं, त्यांचे कोन आणि हवेचा वेग, एवढ्यावरच वाहतूक एकेरी राहते. हवालदाराशिवाय.

या पिशव्या काही पक्ष्यांत हाडांतही घुसतात. जॉन हंटर या लंडनच्या शल्यवैद्याने 1774 साली लिहून ठेवलं आहे: कोंबडीची श्वासनलिका बांधून पंखाचं हाड कापलं, तर हवा त्या हाडातूनच फुप्फुसात ये-जा करू लागली.

हंसाने यावर आणखी एक भर घातली आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू जास्त घट्ट पकडतं. पण एकेरी वाऱ्याची युक्ती काही त्याची एकट्याची नाही. ती अंगणातल्या चिमणीत आहे, खुराड्यातल्या कोंबडीत आहे. आणि 2010 साली अमेरिकेतल्या मगरींच्या फुप्फुसातही हवा अशीच एकाच दिशेने वाहताना दिसली.

मगर तर कधी उडत नाही. म्हणजे हिमालय ओलांडणारा हा दम पहिलं पीस फुटण्याच्या कितीतरी आधी, जमिनीवरच्याच कुणा पूर्वजाच्या छातीत तयार झाला असावा.