वेताळ ते बॅटमॅन: चालू मालिकेत उडी कुठून मारायची?

मला कायम एकच प्रश्न येतो: कॉमिक्स वाचायचंय, पण शेकडो अंक होऊन गेलेत, सुरुवात कुठून करू?

भंडाऱ्याला आमच्या घरी बाबांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. ते इंद्रजालवाले. 1964 ला सुरू, 1990 ला बंद, मराठीतूनही निघायचं. कुठलाही अंक उचला, कळायचा. कारण वेताळाची युक्ती साधी आहे. लोकांना वाटतं तो अमर आहे, पण खरं तर मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो. आपला वेताळ एकविसावा. ली फॉकने 1936 मध्ये ही पट्टी सुरू केली, 1999 मध्ये तो गेला, पट्टी अजून चालूच.

स्पायडरमॅनचं तसं नाही. 1962 पासून तोच पीटर, आणि वय वाढायला तयार नाही. आमच्या ऑफिसातल्या जुन्या कोडसारखं होतं मग: हात लावला की कुठेतरी काहीतरी तुटतं. म्हणून कंपन्या अधूनमधून नवं विश्व उघडतात. नवख्याने तिथूनच शिरावं.

2024 च्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये पीटर आधीच बायको-पोरांचा माणूस आहे, शक्ती नंतर मिळते. आणि आपल्याकडे महिना गेला की गोष्टीतही महिना जायचा. मला हे भारी वाटलं. मारामारी कमी, घरातलं बोलणं जास्त. काहींना संथ वाटेल, वाटू द्या.

त्याच वर्षी आलेला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' उलटा. स्कॉट स्नायडरचं लेखन, निक ड्रॅगोटाची चित्रं. ब्रूसकडे हवेली नाही, पैसा नाही, आई जिवंत आहे, आणि गडी चक्क इंजिनिअर! छातीवरचं वटवाघूळ काढलं की त्याची कुऱ्हाड होते. रक्तपात मात्र जरा जास्तच आहे, लहान भावंडांना देऊ नका.

फोनवर एक अडचण येते. दोन पानांवर पसरलेलं चित्र उभ्या स्क्रीनवर चिमणीएवढं होतं. अशा पानाला फोन आडवा करा, आणि आधी पूर्ण पान बघा, मग चौकटी. मांगा असेल तर उजवीकडून डावीकडे. 'वन पीस' 1997 पासून चालूय, हजारावर प्रकरणं झालीत, पण गोष्ट एकाच माणसाची, एइचिरो ओडाची. तिथे मधून उडी चालत नाही, पहिल्यापासूनच.

बाबांना परवा बॅटमॅन दाखवला. म्हणाले, "मराठीत नाही का रे?" मी वाचतो त्या ॲपवर तरी नाही. म्हणून जेवणानंतर मीच फुगे मराठीत करून वाचून दाखवतो. "आय ॲम बॅटमॅन" मराठीत म्हणताना पहिल्यांदा दोघंही हसलो. तिसऱ्या अंकावर आहोत. अल्फ्रेड बटलर नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.