डीपीएफमधील काजळी : पातळी कशी पाहावी, रिजनरेशन केव्हा व कुठे करावे?

ऑक्टोबरमध्ये बाळापूर तालुक्यात सोयाबीनची सोंगणी आणि मळणी एकाच वेळी सुरू असते. पाऊस येण्याआधी माल घरी आणायची घाई असते. अशा वेळी नव्या ट्रॅक्टरच्या किंवा हार्वेस्टरच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. चालक बटण दाबून तो बंद करतो आणि काम पुढे चालू ठेवतो. असे चार-पाच वेळा झाले की इंजिनाची ताकद घटते आणि यंत्र भर हंगामात वर्कशॉपला न्यावे लागते. हा दिवा डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीचा असतो. तो वेळीच ओळखला तर मोठा खर्च टळतो.

कोणत्या यंत्रात डीपीएफ असतो?

५० एचपीपेक्षा जास्त ताकदीच्या ट्रॅक्टरसाठी १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषण मानक लागू झाले. आधीच्या मानकात ३७ ते ५६ किलोवॅटच्या इंजिनाला प्रति किलोवॅट-तास ०.४ ग्रॅम काजळीकणांची मुभा होती. ट्रेम-४ मध्ये ती ०.०२५ ग्रॅम झाली. ही मर्यादा पाळण्यासाठी अनेक यंत्रांत डीपीएफ बसवलेला असतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल पिकअप आणि मालवाहू गाड्यांतही तो असतो. आपल्या भागातील ५० एचपीच्या आतील बहुतेक ट्रॅक्टरमध्ये डीपीएफ नाही. आपल्या यंत्रात आहे की नाही, हे सोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

गाळणी काम कशी करते?

डीपीएफच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची चिनीमातीची जाळी असते. धूर तिच्या भिंतींतून पार होतो आणि काजळी आत अडकते. गाळणीच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरक सेन्सर मोजतो. त्यावरून काजळी किती साठली याचा अंदाज संगणक बांधतो. साठलेली काजळी जाळून टाकण्याच्या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. ते तीन प्रकारे होते.

- कामातच आपोआप : नांगरटी किंवा रोटाव्हेटरसारख्या जड कामात धूर पुरेसा तापतो आणि काजळी हळूहळू जळत राहते.
- यंत्राने स्वतः सुरू केलेले : काजळी वाढली की संगणक जादा डिझेल वापरून गाळणीचे तापमान ५५० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. काम चालू असतानाही हे होऊ शकते.
- उभ्या यंत्रावर बटण दाबून : वरील दोन्ही पुरेसे झाले नाहीत तर चालकाने यंत्र उभे करून हे करावे लागते. यास साधारण अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो.

काजळी लवकर का साठते?

काळ्या भारी जमिनीत नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला सहसा अडचण येत नाही. त्रास होतो तो हलक्या कामात. ट्रॉली भरेपर्यंत इंजिन चालू ठेवणे, जिनिंगसमोरच्या कापसाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे किंवा रिकामी ट्रॉली घेऊन गावात फिरणे, यांत धूर तापत नाही. पिकअप फक्त शेत ते गाव एवढीच धावत असेल तर तिचेही तेच होते. अशी गाडी अधूनमधून राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अकोला किंवा खामगावच्या दिशेने एकसारख्या वेगाने चालवली तर गाळणी साफ व्हायला मदत होते.

याशिवाय धुळीने भरलेला एअर फिल्टर, खराब इंजेक्टर, टर्बोच्या पाइपची गळती आणि भेसळीचे डिझेल यांमुळेही काजळी वाढते.

दिवा लागल्यावर काय करावे?

दिव्यांची चिन्हे व टप्पे कंपनीनुसार वेगळे असतात, पण क्रम साधारण असा असतो.

१. पिवळा दिवा स्थिर : काजळी वाढली आहे. जड काम चालू ठेवावे, इंजिन मध्येच बंद करू नये.
२. दिवा लुकलुकतो किंवा ताकद कमी जाणवते : त्याच दिवशी उभ्या यंत्रावर रिजनरेशन करावे.
३. लाल दिवा : काम थांबवावे. या टप्प्यात बटण चालत नाही. अधिकृत मेकॅनिकला बोलवावे.

कुटाराजवळ रिजनरेशन नको

रिजनरेशन सुरू असताना सायलेन्सर व बाहेर पडणारा धूर अतिशय तापतो. सोयाबीनचे वाळलेले कुटार, गव्हाचे काड किंवा पऱ्हाटी त्याच्या निम्म्या तापमानालाही पेटू शकते. म्हणून कुटारात काम करताना रिजनरेशन रोखण्याचे बटण दाबणे बरोबरच आहे. चूक होते ती नंतर विसरण्यात. तास संपला की यंत्र मोकळ्या जागी न्यावे आणि राहिलेले रिजनरेशन लगेच पूर्ण करावे. त्यासाठी हंगामाच्या आधीच धुऱ्यापासून आणि गंजीपासून दूर, काडीकचरा नसलेली एक जागा ठरवून ठेवावी.

- पीटीओ बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला असावा.
- इंजिनाजवळ व सायलेन्सरवर साचलेला भुसा आधी काढावा. यंत्र गरम असेल तर थंड होऊ द्यावे.
- टाकीत पुरेसे डिझेल असावे.
- मुले, जनावरे, ताडपत्री दूर ठेवावी. गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये हे करू नये.
- पाण्याची टाकी किंवा अग्निशामक जवळ ठेवावे.
- सुरू केल्यावर मध्येच थांबवू नये. पूर्ण झाल्यावर काही मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे.

ऑइलकडे लक्ष ठेवा

काही इंजिनांत रिजनरेशनसाठीचे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडले जाते. रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिले तर त्यातील काही डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ती धोक्याची खूण समजावी आणि ऑइल बदलून घ्यावे. ऑइलही पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या प्रतीचेच वापरावे. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. ती गाळणीत कायम साठत जाते आणि काही हजार तासांनंतर वर्कशॉपमध्येच साफ करावी लागते.

वहीत नोंद ठेवा

तारीख, तासमापकाचा आकडा, काजळीची पातळी, कोणते काम होते आणि रिजनरेशन पूर्ण झाले की रोखले, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. समजा आधी ४० तासांनी होणारे रिजनरेशन आता त्याच कामात १० तासांनी होत आहे, तर दोष इंजिनात किंवा डिझेलमध्ये आहे. नुसती गाळणी साफ करून तो जाणार नाही. अवजारे बँकेच्या यंत्रावर रोज चालक बदलतो. त्यामुळे आधीच्या चालकाने रिजनरेशन रोखले होते हे पुढच्याला कळत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी अशा केंद्रांना ही वही केबिनमध्येच ठेवायला सांगावे.

हे करू नका

गाळणी काढून टाकणे किंवा तिच्यात भोक पाडणे बेकायदेशीर आहे. त्याने वॉरंटीही जाते. लोखंडी सळईने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळणी साफ करू नये. आतील जाळी फुटली की नवी गाळणी घेण्यावाचून पर्याय उरत नाही.