चार सामने हरूनही युरोपची चॅम्पियन! आर्सेनलच्या महिला संघाने बार्सिलोनाला कसं हरवलं?

२४ मे २०२५. पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये महिला चॅम्पियन्स लीगची फायनल होती. एका बाजूला बार्सिलोना, दुसऱ्या बाजूला लंडनचा आर्सेनल. पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगसारखीच ही स्पर्धा. युरोपातल्या देशोदेशीचे वरच्या क्रमांकाचे क्लब खेळतात आणि जिंकणारा संघ युरोपचा चॅम्पियन ठरतो.

कागदावर ही लढत एकतर्फीच होती. बार्सिलोनाची ही सलग पाचवी फायनल. आधीच्या चारपैकी तीन त्यांनी जिंकलेल्या. त्यांनी क्वार्टर फायनलमध्ये जर्मनीच्या वोल्फ्सबर्गला दोन सामन्यांत मिळून १०-२ आणि सेमीफायनलमध्ये इंग्लंडच्या चेल्सीला ८-२ असं धुतलं होतं. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं जगातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर पुरस्कार ज्या दोघींकडे गेला, त्या अलेक्सिया पुतेयास आणि अयताना बोनमती याच संघातल्या.

आणि आर्सेनल? हा संघ त्याच स्पर्धेत चार सामने हरून इथपर्यंत आला होता.

तरी ट्रॉफी आर्सेनलने उचलली. स्कोअर १-० असा साधाच, पण त्यामागचा प्रवास साधा नव्हता.

पात्रता फेरी म्हणजे काय?

आदल्या मोसमात आर्सेनल इंग्लंडच्या लीगमध्ये तिसरा आला होता. तिसऱ्या क्रमांकाला मुख्य स्पर्धेत थेट जागा नव्हती. आधी पात्रता फेऱ्या खेळायच्या. यातली पहिली फेरी सगळ्यात बेभरवशाची, कारण तेव्हा तिथे एकच सामना असायचा आणि हरलात की वर्षभरासाठी युरोप संपायचा. आर्सेनलला याचा चटका बसलेला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये याच फेरीत पॅरिस एफसीविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये आर्सेनल बाहेर पडला.

(भारतीय वाचकांना ही पात्रता फेरी आणखी एका कारणाने आठवायला हरकत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन लेडीजकडून याच टप्प्यावर मैदानात उतरली आणि महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली.)

सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनल पुन्हा तिथेच होता. स्कॉटलंडच्या रेंजर्सला ६-० आणि नॉर्वेच्या रोझेनबोर्गला १-० हरवून त्यांनी पहिली फेरी पार केली. पुढच्या फेरीत समोर स्वीडनचा हेकेन. इथून दोन सामन्यांची पद्धत सुरू होते. एक सामना आपल्या मैदानावर, एक समोरच्यांच्या, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल. आर्सेनल स्वीडनमध्ये ०-१ हरला, मग घरी ४-० जिंकला.

मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात बायर्न म्युनिकने त्यांना ५-२ असं हरवलं. काही दिवसांनी लीगमध्ये चेल्सीकडूनही पराभव झाला आणि प्रशिक्षक योनास आयडेवाल यांनी राजीनामा दिला. त्यांच्या सहाय्यक रेने स्लेगर्स यांच्याकडे तात्पुरती जबाबदारी आली. तेव्हा कोणी या संघावर पैज लावली असती तर लोकांनी त्याला वेड्यातच काढलं असतं. पण गटातले उरलेले पाचही सामने आर्सेनलने जिंकले. बायर्नलाही ३-२ ने परतफेड केली आणि गटात पहिलं स्थान मिळवलं. जानेवारीत स्लेगर्स यांची नेमणूक कायम झाली.

बाद फेरीत पुन्हा तोच खेळ. क्वार्टर फायनलमध्ये रेआल माद्रिदने पहिला सामना २-० जिंकला. लंडनमध्ये हाफटाइमपर्यंत गोल नाही. मग दुसऱ्या हाफच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आर्सेनलचे तीन गोल! सेमीफायनलला ही स्पर्धा आठ वेळा जिंकलेला फ्रान्सचा लिऑन होता. आर्सेनल आपल्याच मैदानावर १-२ हरला आणि लिऑनमध्ये जाऊन ४-१ जिंकला. म्हणजे तीन वेळा पहिला सामना गमावून तीनही वेळा पुढे. पण फायनल एकच असते. तिथे ‘दुसरा सामना’ नावाची सोय नाही.

मग फायनलमध्ये काय जमलं?

बार्सिलोनाचा खेळ मैदानाच्या मध्यभागातून चालतो. छोटे पास, सतत हालचाल, आणि समोरचा संघ दमला की घाव. आर्सेनलने मागे दबून न बसता मधली जागाच आवळून धरली. पहिल्या हाफमध्ये त्यांचा एक गोल झालाही होता. बार्सिलोनाच्या इरेने पारेदेसला लागून चेंडू जाळ्यात गेला, पण ऑफसाइडमुळे तो रद्द झाला. दुसऱ्या हाफमध्ये बार्सिलोनाच्या क्लाउडिया पिनाचा फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला. तो चार बोटं खाली असता तर हा लेख कदाचित बार्सिलोनावर असता.

निर्णायक ठरला तो स्लेगर्स यांचा बदल. गोलच्या जेमतेम सात-आठ मिनिटं आधी त्यांनी बेथ मीड आणि स्टिना ब्लॅकस्टेनियस या दोघींना एकदम मैदानात उतरवलं. ७४व्या मिनिटाला मीडने बॉक्समध्ये पास सरकवला आणि ब्लॅकस्टेनियसने गोलकीपर कॅटा कोलला चकवलं. १-०. दोन्ही बदली खेळाडू, एक पास, एक फटका.

आर्सेनलच्या मिडफिल्डमध्ये मारिओना काल्डेंते होती, हेही लक्षात घ्यायला हवं. दहा वर्षं बार्सिलोनात काढून आणि त्यांच्या तिन्ही विजेतेपदांत वाटा उचलून ती २०२४ च्या उन्हाळ्यात लंडनला आली होती. बार्सिलोनाचं यंत्र कसं चालतं हे तिच्याइतकं ठाऊक असणारे फार थोडे असतील.

१८ वर्षांत काय बदललं?

आर्सेनल ही स्पर्धा याआधी एकदाच, २००७ मध्ये जिंकला होता. त्यानंतर लिस्बनपर्यंत दुसऱ्या कुठल्याही इंग्लिश क्लबला ते जमलं नाही. तेव्हा फायनलही दोन सामन्यांची असायची. समोर ब्राझीलची मार्ता खेळत असलेला स्वीडनचा उमेओ संघ होता आणि अॅलेक्स स्कॉटच्या एकमेव गोलवर निकाल लागला. आर्सेनलचे प्रशिक्षक विक एकर्स पुरुष संघाचे किटमॅनही होते, म्हणजे जर्सी-बूट सांभाळण्याचं काम तेच करायचे. त्या काळात महिला फुटबॉलकडे किती पैसा होता, हे यावरून कळतं. लंडनजवळच्या छोट्या मैदानावर झालेला दुसरा सामना बघायला साडेतीन हजारांच्या आसपास लोक होते. लिस्बनला ३८,३५६ होते.

पण गर्दी ही काही नवी गोष्ट नाही. १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांच्या सामन्याला सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी घातली आणि ती तब्बल ५० वर्षं टिकली. प्रेक्षक होते, मैदानंच बंद केली गेली.

२०२५-२६ पासून मुख्य स्पर्धेत १६ ऐवजी १८ संघ आहेत आणि गटांऐवजी सगळ्यांची एकच गुणतालिका. पात्रता फेऱ्या मात्र आहेतच. यावेळी इंग्लंडमधला तिसरा संघ होता मँचेस्टर युनायटेड. मुख्य स्पर्धेत जाण्यासाठी त्यांना नॉर्वेच्या ब्रानला हरवायचं होतं. पहिला सामना ते ०-१ हरले, आणि दुसरा घरच्या मैदानावर ३-० जिंकले.